नवं पातं, नवी फाईल

सलूनमध्ये दाढीला बसलेला माणूस एक गोष्ट न चुकता बघतो. कारागीर पात्याचं पाकीट समोर फोडतो, पातं मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो, आणि मगच वस्तरा गालाला लागतो. 1990 च्या दशकात एड्सविषयीची माहिती गावोगाव पोचली आणि ही सवय लोकांच्या अंगवळणी पडली. ‘नवं पातं लावा’ म्हणायला आता कुणाला संकोच वाटत नाही, आणि कारागिरालाही त्यात अपमान वाटत नाही.

त्याच माणसाच्या घरातली मुलगी लग्नाच्या आदल्या आठवड्यात मॅनिक्युअर-पेडिक्युअर करून घ्यायला जाते. तिच्या बोटाशी आलेला निपर, म्हणजे नखाभोवतीची कातडी कापायचं हत्यार, आधी कुणाच्या बोटाला लागला होता, हे मात्र ती विचारत नाही. विचारायला हवं.

नखाच्या मुळाशी पातळ कातडीची एक किनार असते. पार्लरमध्ये तिला क्युटिकल म्हणतात. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरावी तसं तिचं काम: नख आणि त्वचा यांच्यामधली फट ती बंद ठेवते. ती मुळापासून कापली की नख दोन दिवस सुबक दिसतं, पण जंतूंना आत शिरायला वाट मिळते. मग बोटाचा कोपरा लाल होतो, ठणकतो, पू धरतो. आपल्याकडे याला नखुर्डं म्हणतात, आणि ज्याला ते झालंय त्याला त्या रात्रीची ठणक वेगळी सांगावी लागत नाही. म्हणून क्युटिकल कापू न देता नुसती मऊ करून मागे सारायला सांगणं चांगलं. शिवाय, निपर घसरून रक्ताचा ठिपका आला तर प्रश्न नखुर्ड्यापुरता राहत नाही. हेपॅटायटिस बी हा यकृताला ग्रासणारा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान 7 दिवस टिकून राहतो. दिसायला चकचकीत असलेलं हत्यार स्वच्छ असेलच असं नाही, ते यामुळेच.

हत्यारांइतकाच पाय बुडवायचा पाण्याचा टबही महत्त्वाचा. अमेरिकेत, उत्तर कॅलिफोर्नियात वॉट्सनव्हिल नावाचं स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं गाव आहे. सप्टेंबर 2000 मध्ये एका डॉक्टरने तिथल्या आरोग्य खात्याला कळवलं, की चार रुग्णांच्या पायांवर न बरी होणारी गळवं आली आहेत, नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही, आणि चौघीही एकाच नेल सलूनमध्ये गेल्या होत्या. शोध सुरू झाला तेव्हा आकडा 110 वर गेला. कुणाला एकच गळू, तर कुणाला तब्बल 37. त्या सगळ्यांनी पाण्याचे फवारे उडवणाऱ्या टबात पाय बुडवले होते.

टबातलं पाणी ज्या जाळीतून आत ओढलं जातं, त्या जाळ्या उघडल्या. मागे आधीच्या गिऱ्हाइकांचे केस आणि कातडीचा चुरा साचून बसला होता. दहाच्या दहा टबांमध्ये मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू सापडला. हा एरवी मातीत आणि पाण्यात राहणारा, क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद. टब वरून धुतले जात होते, पण जाळीमागे कुणाचा हात पोचला नव्हता. आणखी एक गोष्ट पुढे आली: ज्यांनी पेडिक्युअरआधी पायांवर रेझर फिरवला होता, त्यांच्यात गळवांचं प्रमाण बरंच जास्त होतं. रेझरने पडलेले बारीक ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, जंतूंना पुरतात. 2002 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा अभ्यास छापून आला. पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पायांचं शेव्हिंग किंवा वॅक्सिंग टाळावं, हा सल्ला या अनुभवाला धरूनच आहे.

म्हणूनच फवाऱ्यांच्या टबापेक्षा साधं घमेलं बरं. घमेल्याला जाळी नाही, पाइप नाही. साबणाने घासलं, जंतुनाशक घातलं, पुसून कोरडं केलं की झालं. काही ठिकाणी आत प्लास्टिकची पिशवी अंथरतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती बदलतात. तेही चांगलं.

नवीन जागी जाणाऱ्याने आधी पाच-दहा मिनिटं नुसतं बसून बघावं. एक बाई उठली आणि दुसरी लगेच त्याच टबात पाय घालून बसली, तर मध्ये साफसफाई झालेलीच नाही. जंतुनाशकाला आपलं काम करायला बहुधा 10 मिनिटं लागतात, आणि त्याआधी साबणपाण्याने मळ निघावा लागतो. मळावर ओतलेलं औषध मळातच अडकतं. हत्यारांचंही तसंच: क्युटिकल मागे सारायचा पुशर धुतल्याशिवाय निळ्या जंतुनाशकाच्या बरणीत बुडवला, तर त्याला त्या बरणीचा उपयोग नाही.

निपर एकदा हातात घेऊन उघडून बघावा. दोन पाती जिथे एकत्र येतात त्या बेचक्यात काळपट रेघ दिसली, तर ती आधीच्या कुणाची तरी कातडी असते. आणि ‘आम्ही सगळं स्टरिलायझरमध्ये ठेवतो’ असं सांगत निळ्या प्रकाशाची पेटी दाखवली, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काम करतो. बेचक्यात, सावलीच्या बाजूला तो पोचत नाही. स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला ती पेटी ठीक, पण निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्ह हवा. त्यात वाफ दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला नेतात. घरच्या प्रेशर कुकरचं तत्त्व तेच. ऑटोक्लेव्हमधून निघालेली हत्यारं बंद पाकिटात असतात आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. ते पाकीट गिऱ्हाइकासमोर फाडलं जावं.

नखं घासायची फाईल, बफर, लाकडी काडी, बोटांमध्ये अडकवायचा फोम या वस्तू सच्छिद्र असतात, त्या खऱ्या अर्थाने स्वच्छ होतच नाहीत. त्या एकदा वापरून टाकायच्या, नाहीतर आपल्या आपण न्यायच्या. शंभर-दोनशे रुपयांत स्वतःची फाईल आणि बफर पर्समध्ये राहतात. टाचेची कातडी ब्लेडने तासू पाहणाऱ्याला तर सरळ नाही म्हणावं. आपल्या न्हाणीघरातली वजरी त्याहून कितीतरी बरी.

मधुमेह असलेल्यांनी याबाबत जास्तच जपायला हवं. पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग चिरलेलं कळत नाही, पाणी किती गरम आहे तेही कळत नाही, आणि जखम भरायला वेळ लागतो. घरातल्या आईला किंवा आजीला हौसेने पेडिक्युअरला नेण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

दारातून आत शिरताच डोळे चुरचुरले, तर हवा खेळती नाही हे ओळखावं. गिऱ्हाईक तासाभरात बाहेर पडतं. तिथे काम करणारी मुलगी मात्र दिवसभर तोच ॲसिटोनचा वास आणि घासलेल्या नखांची भुकटी श्वासात घेत असते. तिच्या तोंडाला मास्क, हातात दर गिऱ्हाइकाला बदललेले मोजे आणि मागे उघडी खिडकी दिसली, तर त्या मालकाला आपल्या माणसांची काळजी आहे. जिथे तिची काळजी घेतात, तिथे गिऱ्हाइकाचे पायही बहुतेक सुरक्षित असतात.

एवढं करूनही काही आठवड्यांनी पायावर पुटकुळी आली आणि ती हटत नसेल, तर घरगुती लेप लावत बसू नये. डॉक्टरांकडे जाताना पेडिक्युअर कुठे आणि कधी केलं, ते आपणहून सांगावं. मायकोबॅक्टेरियमच्या जातीचे जंतू साध्या तपासणीत सापडत नाहीत, त्यांची वेगळी तपासणी मागवावी लागते, आणि त्यांवरची औषधंही वेगळी असतात, कधी कधी कित्येक महिने घ्यावी लागतात. वॉट्सनव्हिलमधल्या त्या चार जणींच्या डॉक्टरला धागा मिळाला, तो त्या सगळ्या एकाच सलूनमध्ये गेल्या होत्या हे कळल्यावर.