लेक ट्रॅव्हल टीममध्ये निवडली गेली, तर...

आम्ही अमेरिकेतल्या मराठी आया. इथे मुली शाळेखेरीज क्लबकडूनही गावोगावी बास्केटबॉल खेळायला जातात. त्याला ट्रॅव्हल टीम म्हणतात.

निवड झाली की पेढे वाटण्याआधी तीन गोष्टी विचारा. फीमध्ये गणवेश, प्रवास, हॉटेल धरलंय का? शनिवार-रविवार किती जातील? आणि खेळायला किती मिळेल? मैदानावर पाचच जणी. संघात दहा असतील तर निम्म्या बाकावर. फी भरली म्हणजे खेळवतीलच असं नाही.

आमच्यातल्या एकीची लेक चार सामन्यांत मिळून जेमतेम सहा मिनिटं खेळली. परतताना गाडीत आम्ही प्रशिक्षकांना बोल लावत बसलो. ती म्हणाली, "आई, भूक लागलीय."

तेव्हापासून आधी डबा उघडतो. सामन्याचं ती बोलेल तेव्हा.