साहेब, एवढं बघून देता का?

१९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरीब मुलांना वसतिगृह दिलं, पण कामातून सूट दिली नाही. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे तेच. आपल्या कचेऱ्यांत मात्र उलटं चालतं. रोजकीर्द जुळली नाही की कारकून वही साहेबांच्या टेबलावर ठेवतो, साहेब चूक शोधून देतात आणि पुढच्या महिन्यात तीच वही पुन्हा हजर! कुणी म्हणेल, मार्चअखेरीला शिकवत कोण बसणार? बरोबर आहे, तेव्हा हात द्यावाच. पण बाराही महिने मार्च नसतो. एरवी वही परत सरकवून ‘तुम्ही काय काय तपासलंत?’ एवढंच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत, जड जातं खरं, पेन खिशातच ठेवावं.