एकाच तंत्रावर करिअर पणाला लावताना



चंडीगड, मोहाली, पंचकुला इथे स्थायिक झालेल्या आणि नेटवर्किंगमध्ये काम करणाऱ्या मराठी माणसांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती मी आज बाजूला ठेवतो. सकाळच्या सत्रानंतर चहाच्या वेळी तरुण मंडळींनी मला गाठलं आणि जवळजवळ प्रत्येकानं एकच विचारलं : "सर, इन्फिनीबँडमध्येच खोल जाऊ, की सगळं थोडं थोडं शिकून ठेवू?" या प्रश्नात घरचं कर्ज आहे, लग्न आहे, गावाकडचे आईवडील आहेत. त्याचं उत्तर चहाच्या कपाबरोबर देण्यासारखं नाही, म्हणून इथे देतो.

इन्फिनीबँड म्हणजे काय, हे इथल्या सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. शेकडो सर्व्हर किंवा जीपीयू एकाच गणितावर एकत्र बसवले, की त्यांना एकमेकांशी सतत बोलावं लागतं, आणि तेही मायक्रोसेकंदांच्या हिशेबात. त्या बोलण्यासाठी बनवलेलं हे खास नेटवर्क. ऑफिसात, बँकेत, टेलिकॉममध्ये ते सहसा दिसत नाही. महासंगणकात दिसतं, आणि आता एआयच्या डेटा सेंटरमध्ये. इथून जवळ, मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेत, 'परम स्मृती' हा 838 टेराफ्लॉप्सचा महासंगणक आहे. त्याचे नोड्स इन्फिनीबँडनंच जोडलेले आहेत.

'परम' म्हटलं की मराठी माणसाला पुणे आठवणारच. अमेरिकेनं भारताला हवा तसा क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली 'परम 8000' तयार झाला. त्याच्या पोटात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार लिंक, आणि त्या लिंक एकमेकांना जोडून यंत्राचं अंतर्गत नेटवर्क तयार होई. कुठला नोड कुणाचा शेजारी, याचा विचार प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावा लागे. त्या काळात ट्रान्सप्यूटरमध्ये पारंगत होणं म्हणजे आजच्या भाषेत पक्कं 'निश' करिअर.

पुढे ट्रान्सप्यूटर संपला. पुढच्या पिढीची टी-9000 चिप रखडत राहिली, आणि तिच्यावर भिस्त ठेवणारे जगभर उघड्यावर पडले. सी-डॅकनं प्रोसेसर बदलला. मात्र नोड नोडशी कसा बोलतो हा प्रश्न तिनं सोडला नाही. स्वतःचं परमनेट घडवलं. परमनेट-2 वर चालणारा 'परम पद्म' 2003 सालच्या जूनमध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत 171 व्या क्रमांकावर आला. नंतरच्या काही यंत्रांत इन्फिनीबँड आलं. चिप गेली, लिंक गेली, स्वतःचं नेटवर्कही काही यंत्रांत मागे पडलं, तरी कामाचा धागा तुटला नाही. माझं सगळं म्हणणं या एका इतिहासात आहे : करिअर प्रश्नावर लावा, उत्पादनावर नको.

हे म्हणायला सोपं आहे. उत्पादन हातात धरल्याशिवाय प्रश्न कळत नाही, ही खरी अडचण. म्हणून इन्फिनीबँडचीच गोष्ट जरा सविस्तर सांगतो. 2000 साली त्याचं पहिलं मानक आलं, तेव्हा मोठमोठ्या कंपन्या पाठीशी होत्या. सगळ्या डेटा सेंटरचं नेटवर्क आता हेच होणार, अशी हवा होती. 2002 साली इंटेलनं आपल्या इन्फिनीबँड चिप सोडून दिल्या, मायक्रोसॉफ्टनंही अंग काढून घेतलं. त्या वर्षी एखाद्या मुलानं "मी यातच करिअर करतो" म्हटलं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं. इस्रायलची मेलानॉक्स मात्र टिकून राहिली. 2019 साली एनव्हिडियानं तिच्यासाठी 6.9 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला, तो 2020 साली पुरा झाला, आणि एआयची लाट आल्यावर या नेटवर्कमधली माणसं शोधून सापडेनाशी झाली.

आता उलट बाजू. मायरिनेट नावाचं असंच एक वेगवान नेटवर्क होतं. 2005 सालच्या जूनच्या यादीत पाचशेपैकी 141 महासंगणक त्यावर चालत होते. दहा वर्षांच्या आत ते यादीतून जवळपास पुसलं गेलं. पण ते बनवणाऱ्या मायरिकॉमच्या बऱ्याच इंजिनिअरांना 2013 साली गूगलनं आपल्याकडे घेतलं. तंत्राला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, त्या माणसांच्या जाणकारीला होतं.

ही जाणकारी म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणानं दाखवतो. क्लस्टर चालवणाऱ्यांच्या ओळखीचा प्रसंग आहे. काम संथ चाललंय. सर्व्हर ठीक, जीपीयू ठीक, पोर्टवरचा हिरवा दिवा लागलेला. नवखा माणूस सॉफ्टवेअर उलटंपालटं करत दिवस घालवतो. जाणकार आधी एकेका पोर्टची रुंदी बघतो. लिंकला चार लेन असतात, ती '4 एक्स' दिसायला हवी. शंभर पोर्टांत एक '1 एक्स' दाखवतो. लिंक चालू आहे, वेग मात्र पाव. सगळे जीपीयू प्रत्येक फेरीला आपापली बेरीज एकत्र करतात आणि सगळ्यात मंद असेल त्याच्यासाठी थांबतात, त्यामुळे एका केबलपायी आख्खं यंत्र रेंगाळतं. कनेक्टर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की फायबरच्या टोकावर धुळीचा कण दिसतो. तो साफ केला, पुन्हा बसवला, चार लेन आल्या.

आणखी खोलातली गोष्ट आहे ती क्रेडिटची. पलीकडच्या पोर्टकडे जागा आहे असं कळल्याशिवाय अलीकडचा पोर्ट पॅकेट सोडतच नाही. साध्या इथरनेटमध्ये गर्दी झाली की पॅकेट पडतं आणि पुन्हा पाठवलं जातं. अशा कामांसाठी इथरनेट वापरायचं ठरल्यावर त्यालाही पॅकेट न पाडण्याची शिस्त लावावी लागली. त्यातून रॉकी हे तंत्र आलं, आणि 2023 साली अल्ट्रा इथरनेटसाठी कंपन्यांचा संघ उभा राहिला. उद्या इथरनेटनं इन्फिनीबँडला मागे टाकलं, तरी गर्दी कुठून सुरू होते आणि मागे मागे कशी पसरते, हे ज्यानं एकदा नीट बघितलंय त्याचं ज्ञान वाया जाणार नाही. ज्याला फक्त कमांड पाठ आहेत, त्याचं जाईल.

आता धोके, कारण अध्यक्षानं गोड तेवढंच बोलून जाणं मला पटत नाही. नोकरी देणारे मोजके आहेत. पुण्याची सी-डॅक, पुण्याचीच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, काही आयआयटी आणि आयसर, पनवेलसारख्या ठिकाणची नवी डेटा सेंटरं, आणि खुद्द उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या. चंडीगडमध्ये राहूनच हे करिअर करीन असं कुणी म्हणत असेल, तर मी त्याला स्पष्ट नाही म्हणेन. शिवाय बाजार जवळपास एकाच कंपनीच्या हातात आहे. तिचं धोरण बदललं की तुमचा भाव बदलतो. म्हणून पाया मजबूत हवा : लिनक्स, राउटिंग, थोडं सी किंवा पायथन. पायाशिवाय विशेषज्ञ होऊ पाहणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. प्रमाणपत्रावर विसंबू नका. 24 फेब्रुवारी 2020 रोजी सिस्कोनं सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा बंद करून एकच परीक्षा ठेवली. एका तारखेला शाखाच उरल्या नाहीत.

सगळीच निश तंत्रं अल्पायुषी असतात असंही नाही. चंडीगडच्याच इंडस्ट्रियल एरियात, जिथे आज एलान्ते मॉल आणि गाड्यांच्या शोरूम दिसतात, तिथे अजून सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने आहेत. कारखान्यातली यंत्रं चालवणारे नियंत्रक, म्हणजे पीएलसी, ज्या मॉडबसवर बोलतात, ते मॉडबस 1979 सालचं आहे आणि आजही जगभर चालू आहे. कारखान्यातलं नेटवर्क यंत्राच्या आयुष्याइतकं टिकतं, डेटा सेंटरमधलं दर चार-पाच वर्षांनी बदलतं. घर, गाव, आईवडील सोडता येत नसतील, तर फॅक्टरी नेटवर्किंगचा विचार गंभीरपणे करा. त्यात मान कमी मिळतो, हे खरं आहे आणि ते अन्यायाचं आहे. लाइन बंद पडल्यावर मालक ज्याला रात्री फोन करतो, त्या माणसाची किंमत आपल्या परिषदांनी कधी केली नाही. पुढच्या वर्षी एक पूर्ण सत्र त्यांच्यासाठी ठेवा, ही आयोजकांना माझी विनंती आहे.

तरुणांना माझं उत्तर असं : हिंडायची तयारी असेल, पाया पक्का असेल आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत खऱ्या रॅकला हात लावायला मिळणार असेल, तर इन्फिनीबँडमध्ये बेलाशक जा. यातलं एक जरी नसलं, तरी आधी ते मिळवा. सुरुवातीला लाखो रुपये लागत नाहीत. जुनी वापरलेली दोन कार्डं आणि एक केबल घेऊन दोन संगणक थेट जोडता येतात. स्विच लागत नाही, लिनक्सवर ओपनएसएम चालवलं की लिंक उभी राहते. तेवढेही पैसे नसतील, तर लिनक्समधलं सॉफ्ट-रॉकी साध्या नेटवर्क कार्डावर चालतं. पडताळा, मोडा, पुन्हा उभं करा.

पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून मुलं सहा महिन्यांच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी या शहरात येतात, कर्ज काढून फी भरतात. त्यांच्यात आपलीही मुलं आहेत. त्यांना सांगतो : पैसे भरण्याआधी त्या संस्थेत जा आणि म्हणा, ज्यावर मी शिकणार आहे ते उपकरण दाखवा. दाखवलं नाही, तर फी भरू नका.