हाताच्या कामाची किंमत

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाळेने अक्षरओळख करून दिली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मिळणे ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. हैदराबादेसारख्या शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे किती कष्टाचे आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या कष्टांना प्रथम वंदन करते.

छंदातून व्यवसाय कसा उभा राहतो, याविषयी मी बोलावे, असे संयोजकांनी सुचवले. माझा व्यवसाय लहान आहे. संक्रांतीच्या दिवसांत हलव्याचे दागिने आणि उरलेले वर्षभर मोत्यांचे दागिने, एवढाच त्याचा पसारा. माझ्यासह पाच जणींचे हात त्यात गुंतलेले आहेत. मोठ्या उद्योगाच्या गोष्टी सांगणारे वक्ते पुष्कळ भेटतात. मी लहान व्यवसायाचीच गोष्ट सांगणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणारी गोष्ट तीच असते.

हलव्याच्या दागिन्यांचा परिचय मराठी घरांत करून देण्याची गरज नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेली नवी सून आणि बोरन्हाणासाठी पाटावर बसवलेले तान्हे बाळ, या दोघांच्या अंगावर हे पांढरेशुभ्र दागिने चढतात. सुनेसाठी बिंदी, नथ, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. जावयासाठी हार आणि सजवलेला नारळ. बाळासाठी मुकुट आणि बासरी. सोन्याच्या दागिन्यांची सारी घडण साखरेत उतरवण्याची ही कल्पना कोणा एका कारागिराची नाही, ती घराघरांतल्या बायकांच्या हातांनी जपलेली आहे.

या कामातली पहिली पायरी हलवा. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवरच्या परातीत घ्यायचा, त्यावर साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांच्या अग्रांनी दाणे सतत फिरवत राहायचे. पाक एकदम पडला तर दाणे चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर काटा येत नाही. थंड आणि कोरडी हवा असेल तरच काटा टोकदार फुलतो. ढगाळ दिवशी तोच पाक आणि तोच हात असूनही दाणा गुळगुळीत राहतो. दख्खनच्या पठारावरची आपली कोरडी थंडी या कामाला अनुकूल आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हेच काम अधिक अवघड जाते.

दुसरी पायरी बांधणीची. हलव्याचा दाणा ठिसूळ असल्यामुळे त्यात सुई घालता येत नाही. जरीच्या किंवा रेशमी धाग्याच्या दुहेरी पदरात एकेक दाणा गाठीने अडकवावा लागतो, किंवा कापडाने मढवलेल्या पुठ्ठ्यावर तो बसवावा लागतो. बाळाच्या दागिन्यांत अधिक जपावे लागते. बाळ हाती लागेल ते तोंडात घालणार, हे गृहीत धरूनच ते बनवायचे. म्हणून त्यांत टाचणी नसावी, डिंकाऐवजी धागा असावा आणि सुटून घशात अडकेल असा मणी नसावा. बोरन्हाण चालू असेपर्यंत बाळाजवळ कोणीतरी बसावे, हेही आम्ही प्रत्येक खोक्यातल्या चिठ्ठीवर लिहितो.

आता व्यवसायाकडे येते. छंद आणि व्यवसाय यांतला भेद केवळ पैशाचा नाही. छंदात आपण आपल्या मर्जीने थांबू शकतो. व्यवसायात शब्द दिलेला असतो. छंदातली एक सुंदर नथ पुरते. व्यवसायात विसावी नथही पहिलीइतकीच नीट असावी लागते. आणि सर्वांत मोठा भेद असा की, छंदात वेळ मोजला जात नाही. व्यवसायात तो मोजावाच लागतो. आपल्या घरांतल्या हुशार हातांच्या बायका नेमक्या याच ठिकाणी अडखळतात.

एक हिशेब मांडते. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, सुनेच्या एका संचाला सामान २६० रुपयांचे लागले. खोका ४० रुपयांचा. रिक्षाभाडे, वीज, तुटलेला माल यांचा वाटा ६० रुपये. काम पाच तासांचे, तासाला ८० रुपये धरले तर ४०० रुपये. एकूण ७६०. त्यावर १४० रुपये नफा धरला तर किंमत ९०० रुपये होते. आता नात्यातल्या कोणी मायेने म्हणतात, “अगं, सामान तर अडीचशेचं. आपल्याच माणसांना नऊशे? पाचशे घे.” संकोचापोटी आपण पाचशे घेतो. खर्चाचे ३६० वजा जाता हाती उरतात १४० रुपये. पाच तासांना १४०, म्हणजे तासाला २८ रुपये. नफा तर गेलाच, मजुरीही गेली. असे दहा संच दिले की थकवा येतो आणि मग घरातलेच म्हणतात, “यात काही अर्थ नाही, सोडून दे.” या रीतीने बंद पडलेले व्यवसाय मी जवळून पाहिले आहेत. ते ग्राहक नव्हते म्हणून बंद पडले नाहीत, हाताच्या कामाची किंमत सांगण्याचे धैर्य झाले नाही म्हणून बंद पडले.

नात्यातल्यांना सवलत द्यायची नाही का? अवश्य द्यावी. पण ती नफ्यातून द्यावी, मजुरीतून नव्हे. ७६० च्या खाली गेलो, तर ती सवलत राहत नाही, ती भेट होते. भेट द्यावीशी वाटली तर संच आनंदाने भेटच द्यावा आणि वहीत तसे लिहावे.

या शाळेत शिकलेली शेकडेवारी मला येथे उपयोगी पडली. दुकानदार विक्रीच्या किमतीवर २५ टक्के कमिशन मागतो. सहज वाटते की ९०० वर २५ टक्के चढवले की झाले, म्हणजे ११२५. परंतु ११२५ चे २५ टक्के २८१ रुपये २५ पैसे होतात आणि आपल्या हाती येतात ८४३ रुपये ७५ पैसे. आपले ९०० पूर्ण यायचे असतील तर ९०० ला ७५ ने भागून १०० ने गुणावे लागते. किंमत येते १२००. विद्यार्थी मित्रहो, नफा-तोट्याची ती उदाहरणे कंटाळवाणी वाटत असतील, तर हे एक आठवणीत ठेवा.

दुकानांत माल ठेवण्याची जुनी पद्धत म्हणजे जांगड. माल दुकानात ठेवायचा, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. नव्या माणसाला ही पद्धत सोयीची असते, पण तिच्यात कागद पक्का हवा. एका दुकानात आमचे काही संच संक्रांतीपूर्वी जांगडीने ठेवले होते. रथसप्तमी उलटल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांतले निम्मे ओल लागून विरघळलेले होते. सोन्याचा दागिना परत आला तर पुन्हा विकता येतो. हलव्याचा दागिना परत आला तो पुढल्या वर्षी उपयोगाचा नसतो. त्या वर्षापासून आम्ही तीन गोष्टी लिहून घेतो: माल परत करण्याची शेवटची तारीख, मोडतोड झाल्यास भरपाई कोणाची, आणि हवाबंद खोका न उघडण्याची अट.

हलव्याच्या व्यवसायाची खरी अडचण हंगामाची आहे. मार्गशीर्षात मागण्या सुरू होतात, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत धावपळ असते आणि त्यानंतर दहा महिने शांतता. हात रिकामे राहिले की माणसे पांगतात. म्हणून दुसऱ्या कामाची जोड हवी होती आणि या शहरात ती शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. समुद्रापासून इतक्या दूर असलेले हैदराबाद मोत्यांचे शहर झाले, ते निजामी दरबाराच्या आश्रयामुळे. पूर्वी इराणच्या आखातातले मोती येथे येत. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढवण्यात यश आले आणि पुढे साऱ्या जगाचा मोत्यांचा व्यापार बदलला. आज पत्थरगट्टीच्या दुकानांतले बहुतेक मोती गोड्या पाण्यातले, चीनमधून आलेले असतात.

हेच मोती घेऊन आम्ही नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या करतो. काचिगुडा, बरकतपुरा, सुलतानबाजार या भागांतली मराठी कुटुंबे आमची पहिली ग्राहक. पुढे तेलुगू आणि मारवाडी मैत्रिणीही मराठी नथ मागू लागल्या. नाक न टोचलेल्यांसाठी चापाची नथ करावी लागली. आमच्या एका हारात मराठी तन्मण्याचे खोड आहे आणि पदर मात्र हैदराबादी सतलड्याप्रमाणे सात आहेत. तो हार पुण्यात सुचला नसता. परमुलखात राहण्याचे हे धन आहे. आपण त्याला उणेपण समजतो.

लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांकडे पाहा. तापवलेली लाख वळायची, ती थंड होण्याआधी एकेक खडा बसवायचा, हे काम आजही हातांनीच होते. २०२४ मध्ये या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. करीमनगरच्या चांदीच्या तारकामाला ते आधीच मिळालेले आहे. अशा मानांकनाने नावाचे रक्षण होते. मात्र कारागिराच्या हातात दोन पैसे अधिक पडतील की नाही, हे अखेरीस विकत घेणाऱ्यावर अवलंबून राहते.

दागिन्यांच्या व्यवसायात सचोटी हीच पत असते. पितळेवर सोन्याचा मुलामा असेल तर तसे स्पष्ट सांगावे. ‘एक ग्रॅम सोन्याचा दागिना’ या नावाने फसगत होते, कारण त्यात एक ग्रॅम सोने असतेच असे नाही. असतो तो पातळ मुलामा. चांदीवर ९२५ चा आकडा असेल, तर हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असली पाहिजे. निकेल असलेल्या धातूने काहींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येते. तेही विकण्यापूर्वीच सांगावे. मोत्याला घाम आणि अत्तर सोसत नाही, म्हणून साजशृंगारात तो शेवटी घालावा आणि आधी उतरवावा. हार ओवताना दोन मोत्यांमध्ये गाठ द्यावी, म्हणजे धागा तुटला तरी एखादाच मोती सुटेल, सारे विखुरणार नाहीत. त्या गाठींना वेळ लागतो आणि त्या सहज नजरेत भरत नाहीत. परंतु ग्राहक पाच वर्षांनी परत येतो, तो त्या गाठींमुळे.

कागदपत्रांविषयी थोडेच सांगते. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर विनामूल्य होते. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. वस्तू व सेवा कराचे नियम राज्याबाहेर माल पाठवताना वेगळे लागतात, तेव्हा पहिल्याच वर्षी जाणत्या हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा. आणि व्यवसायाचे बँक खाते स्वतःच्या नावावर, घरखर्चापासून वेगळे असावे. आपल्या कमाईचा आकडा आपल्याला स्वतंत्र दिसला पाहिजे.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. आपल्या कामाची किंमत मागणाऱ्या आपण दुसऱ्याच्या हाताची किंमत काय करतो? नगावर मजुरी ठरवताना सर्वांत चपळ हाताचा वेळ धरला, तर बाकीच्यांना तासाचे पैसे कमी पडतात. म्हणून आमच्याकडे नवा नमुना आधी सर्व जणी करून पाहतात आणि मधल्या वेळेवरून दर ठरतो. यामुळे नफा थोडा कमी होतो. पण घरी पाहुणे आले म्हणून कोणी काम अर्ध्यावर टाकून जात नाही, कारण ते काम आता तिच्याही घरात काम म्हणून मोजले जाते. या व्यवसायात मी जे काही मिळवले, त्यात याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते.

विद्यार्थिनींनो, आणि विद्यार्थ्यांनोही, कारण पटवेकरी आणि सोनार हे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच होते, हाताला एखादी कला असेल तर ती जोपासा. तिचा व्यवसाय केलाच पाहिजे असे नाही. छंद म्हणून राहिला तरी तो आयुष्य सुंदर करतो. पण व्यवसाय करायचे ठरवले, तर पहिल्या दिवशी वही घाला, वेळ लिहा आणि किंमत सांगताना मान खाली घालू नका.

आपल्या शाळेचा अमृतमहोत्सवही याच प्रांगणात, याच भाषेत साजरा होवो, अशी प्रार्थना करते.