गावच्या शब्दांतून इंग्रजीकडे
(केंद्र संमेलनातील भाषण)



महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गात आला. तत्पूर्वी तो पाचवीपासून सुरू होत असे. विषय खालच्या वर्गात आला, परंतु शब्द शिकविण्याची रीत पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. फळ्यावर १० शब्द लिहावयाचे, मुलांनी त्यांचे स्पेलिंग व अर्थ पाच-पाच वेळा उतरवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ते घडाघडा म्हणून दाखवावयाचे, अशी ती रीत होय. वर्षाचे २०० दिवस धरले तर या हिशेबाने वर्षाअखेर २००० शब्द पदरी पडावयास हवेत. प्रत्यक्षात त्यांतले थोडेच उरतात. परंतु विसरलेल्या शब्दांपेक्षाही मोठी हानी निराळीच आहे. रोज पाठ करून रोज विसरणारे मूल 'इंग्रजी आपल्यासाठी नाही' अशी खूणगाठ मनाशी बांधते. शब्द पुन्हा शिकविता येतो. खचलेला धीर परत आणणे मात्र कठीण असते.

वस्तुतः एवढ्या घाईची गरज नाही. ढाका येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पहिली ते सातवी या ७ वर्षांत एवढे शब्द वाटून दिले, तर वर्षाला ३०० देखील होत नाहीत. दिवसाला जेमतेम दीड शब्द पडतो. मग दिवसाला दहा शब्दांचे ओझे कशासाठी?

शिवाय मूल शाळेत येते ते रिक्त हस्ताने येत नाही. विहिरीवर त्याने मोटर, पंप, पाईप व व्हॉल्व्ह हे शब्द ऐकलेले असतात. एस.टी.च्या थांब्यावर ड्रायव्हर, कंडक्टर आणि सीट त्याच्या ओळखीचे होतात. दूध संकलन केंद्रावर वडिलांबरोबर जाणाऱ्या मुलीला 'फॅट' कमी लागली म्हणजे काय होते, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. शब्दाची ओळख म्हणजे त्याचा उच्चार, अर्थ आणि लेखन या तिहींची ओळख. गावच्या शब्दांत पहिल्या दोन गोष्टी मुलाजवळ बहुतांशी असतात. शिक्षकाने केवळ तिसरी द्यावयाची असते. यास्तव वर्षारंभी शिक्षकाने मुलांकडूनच असे शब्द जमवावेत. शंभराची यादी पाहता पाहता तयार होते, आणि 'एवढे इंग्रजी आपणांस येतच होते' हे पाहून मुलांचे चेहरे उजळतात.

या एका शब्दातून दुसरा निघतो. ड्रायव्हरमधून 'ड्राईव्ह', मिक्सरमधून 'मिक्स', स्टार्टरमधून 'स्टार्ट' मुलांना स्वतः शोधता येतो. तथापि येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली ही की, नियम सर्वत्र लागू पडत नाही. स्वयंपाक करणारा माणूस 'कुक', तर 'कुकर' हे भांडे होय! दुसरी ही की, मराठीत रुळताना काही शब्दांचे अर्थ पालटले आहेत. गावात चहा-भजी मिळण्याच्या जागेला हॉटेल म्हणतात. इंग्रजीत मुक्कामाची सोय असेल तेथेच तो शब्द शोभतो. तसेच परका वाटणारा प्रत्येक शब्द इंग्रजी असतोच असे नाही. पाव आणि चावी हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आले आहेत.

मराठीत आलेले इंग्रजी शब्द बहुतेक नामे आहेत. क्रियापदे फार थोडी आली, आणि शब्दयोगी शब्द जवळजवळ नाहीतच. शिक्षकाची खरी कामगिरी येथे सुरू होते. क्रियापदे कृतीतून द्यावीत. 'ओपन द डोअर', 'ब्रिंग द चॉक' अशी आज्ञा व्हावी आणि मुलाने ती करून दाखवावी. मग एका मुलाने दुसऱ्यास आज्ञा द्यावी. मराठीत 'पेटीत', 'टेबलावर' असा प्रत्यय नामाच्या शेवटी जोडला जातो. इंग्रजीत 'इन द बॉक्स', 'ऑन द टेबल' असा वेगळा शब्द नामाआधी येतो. एक पेटी आणि एक खडू एवढ्या साहित्यावर हा फरक मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करता येतो. सुटा शब्द लवकर गळतो, वाक्यात गुंफलेला टिकतो.

टिकविण्यासाठी उजळणीही हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेल्या मजकुराचे विस्मरण आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या, पुन्हा आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने विचारावा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून 'रोज', 'आठवडा' व 'महिना' असे तीन खोके करावेत. आलेला शब्द पुढच्या खोक्यात जावा, अडलेला 'रोज'च्या खोक्यात परतावा. दोन शिक्षकांच्या शाळेत चौथीच्या मुलांनी दुसरीच्या मुलांना या पत्त्यांवरून विचारावे. विचारणाऱ्याचीही उजळणी होते आणि शिक्षकास अन्य वर्गाकडे लक्ष देण्यास सवड मिळते. शब्द चुकला म्हणून हसणे वा छडी उगारणे मात्र कटाक्षाने टाळावे.

इंग्रजी शिकविताना मराठीला वर्गाबाहेर घालविण्याचे कारण नाही. ज्या मुलाला 'ओलावा' म्हणजे काय हे मराठीत नीट सांगता येते, त्याला त्याचा इंग्रजी प्रतिशब्द देणे ही क्षणाची गोष्ट असते. ज्याला कल्पनाच उमगली नाही, त्याच्या हाती दोन्ही भाषांत केवळ आवाज राहतो.

या सत्रात प्रत्येक शिक्षकाने गावच्या शब्दांची एक वही वर्गात सुरू करावी आणि आपल्या वर्गातील सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाकडून तिच्यातील पहिला शब्द घ्यावा. त्या मुलाने सांगितलेला शब्द फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिला गेला, म्हणजे ही भाषा आपलीही होऊ शकते असे त्याला प्रथमच वाटेल.