हाताच्या मुंग्या आणि मर्दनाचा उपाय
(शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आपल्या व्यवसायात वाणीइतकेच हातालाही काम आहे. फळ्यावर लिहावे, वह्या तपासाव्यात, हजेरीपट भरावा, आणि आता मोबाईलवर माहितीही भरावी. घरी गेल्यावर भाकरी थापणे, धुणे, खुरपणी आहेच. असा हात एखाद्या रात्री बधिर होऊन आपणांस झोपेतून उठवितो. आपण तो झटकतो, बरे वाटते, आणि पुन्हा झोपतो. ‘वात असेल’ असे म्हणता म्हणता महिने निघून जातात. याच दुखण्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मनगटात आठ लहान हाडे असून तळहाताच्या बाजूस त्यांची पन्हळीसारखी खोबण होते. तिच्यावर एका चिवट अस्थिबंधाचे छत असते. या अरुंद बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की जागा वाढत नाही. मग मज्जातंतूच चेपला जातो. यालाच डॉक्टर ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात. करंगळी बहुधा सुटते, कारण तिचा मज्जातंतू वेगळा आहे. हाताच्या पाठी एकमेकींस टेकवून, मनगटे वाकवून एक मिनिट धरून पाहावे. याच बोटांत मुंग्या आल्या, तर या विकाराचा संशय घ्यावा. जॉर्ज फॅलन या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते.

आता मर्दनाविषयी. आपल्याकडे अंग चोळण्याची परंपरा जुनी आहे आणि येथेही तिचा उपयोग होतो; मात्र तो कोठे व किती, हे जाणले पाहिजे. बोटे मिटविणारे स्नायू मनगटात नसून कोपराखालच्या हातात आहेत. म्हणून मर्दन तेथे करावे. हात मांडीवर उताणा ठेवावा, कोमट खोबरेल लावावे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मनगटाच्या वरपासून कोपराकडे सावकाश, बेताच्या दाबाने चोळीत जावे. नंतर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग हलकेच मळावा. एका हातास पाच मिनिटे पुरेत. मनगटाच्या घडीवर मात्र दाबू नये. चेपलेल्या मज्जातंतूस आणखी चेपणे हा उपाय नव्हे. चोळताना मुंग्या वाढल्या, तर थांबावे.

मर्दनाने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो व काही काळ आराम पडतो. यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांतील लाभही थोड्या आठवड्यांचा आहे. त्यामुळे बोगदा रुंद होतो, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. रात्री मनगट सरळ राहील अशी पट्टी बांधून निजणे हा आरंभीचा अधिक भरवशाचा उपाय होय. लिहिताना अधूनमधून हातास विसावाही द्यावा.

मधुमेह, थायरॉईडचा विकार, संधिवात आणि गरोदरपण यांतही हे दुखणे उद्भवते. तेव्हा मूळ कारण तपासून घ्यावे. बधिरता दिवसभर टिकू लागली, हातातून खडू वा भांडे निसटू लागले, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर तेल बाजूस ठेवावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. तो अस्थिबंध कापून मज्जातंतूस मोकळीक देण्याची शस्त्रक्रिया लहान असून बहुधा तेवढाच भाग बधिर करून करतात. पण फार उशीर झाल्यास गेलेली शक्ती पुरती परत येईलच असे नाही. खरी हानी दुखण्याने होते त्याहून अधिक ‘पुढे पाहू’ या सवयीने होते.

आपल्या वर्गातील मुलांच्या आयाही हेच दुखणे मुकाट्याने सोसत असतील. पालकसभेत ही माहिती त्यांनाही सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.