आरोंदा : खाडीकाठच्या गावाची हकिकत
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



गावाचा इतिहास म्हटला की राजे आणि किल्ले आठवतात. ते आरोंद्यालाही चुकले नाहीत. हा मुलूख सावंतवाडी संस्थानचा. सावंत-भोसल्यांनी बांधलेला तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. म्हणून तो नदीच्या आपल्या बाजूला असूनही आजतागायत गोव्यात मोडतो. १७८८ मध्ये पेडणेही त्यांच्याकडे गेले आणि आपली नदी दोन राज्यांची सरहद्द झाली. सोयरिकी मात्र पलीकडच्याच राहिल्या. संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. होडीने पलीकडे जाणे अडले, ते गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. आता किरणपाणीला पूल आहे.

हे सारे पुस्तकात सापडते. खाडीचा बांध कोणी लिहून ठेवलेला नाही आणि भात तर त्याच्याच जिवावर पिकले. उघाडीची रचना पाहा. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, खर्चही थोडा. पण एका ठिकाणी बांध फुटला, खेकड्यांनी बिळे पाडली, की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते. म्हणून पूर्वी डागडुजीला घरटी माणूस येई. पुढे कसणारे बदलले, तरुण मुंबई-गोव्याला नोकरीला गेले आणि बांध कोणाचा हा प्रश्न उभा राहिला. खार जमिनींसाठी १९४८ मध्ये व पुन्हा १९७९ मध्ये कायदा झाला. तरी सरकारी योजनेत नसलेला बांध अखेर शेतकऱ्यांनीच राखायचा असतो.

खारवलेली जमीन कायमची गेली असे समजू नये. बांध बुजवून पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवावे आणि ओहोटीला सोडून द्यावे. असे दोन-तीन वेळा केले की क्षार बरेच धुऊन जातात. मग कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भातजाती घ्याव्यात.

एक काम मात्र या उन्हाळ्यातच करा. कोणता बांध कोणत्या साली फुटला, उघाडी कोणी बसवली, कोणत्या कोंडीला कोणते नाव, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवा. सातबाऱ्यावर ते नाही. बांध योजनेत घ्यावा म्हणून अर्ज कराल, तेव्हा त्या वहीची एक प्रत अर्जाला जोडा.